चार कच्चे टाके

माणसाची पाठ हेच त्याचं तोंड, असे धंदे जगात फार थोडे. वाद्यवृंदाचा संचालक हा त्यातला एक. तो दोन तास प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहतो आणि कुणी त्याला उर्मट म्हणत नाही. उलट शेवटी टाळ्या वाजवतात. भिंगरीनं हा धंदा धरला तेव्हा तिच्या शिंपी बापाला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आपल्या लेकीच्या कोटाची पाठ अख्खं शहर दोन तास टक लावून बघणार, एवढं त्याला ताबडतोब कळलं. शिंप्याच्या आयुष्यात याहून मोठं भाग्य नसतं. नवरदेवाचा कोटसुद्धा लोक पानं वाढेपर्यंतच बघतात.

भिंगरी हे घरातलं नाव. लहानपणी ती एका जागी ठरत नसे म्हणून पडलेलं. पुढे शाळेत असतानाच तिला डायबेटिस झाला. एखादा जुना कारागीर न सांगता-सवरता कामावर यायचा बंद होतो, तसं तिच्या पोटातल्या कुणीतरी इन्शुलिन बनवायचं बंद केलं. निरोप नाही, कारण नाही. तेव्हापासून त्या कारागिराचं काम घरातली तिघंजणं बाहेरून करत होती. ताटातला प्रत्येक घास आधी हिशोबात पडायचा आणि मग तोंडात. ताप आला की हिशोब बदले, परीक्षा आली की बदले, नुसता जिना दोनदा चढला तरी बदले. आणि हे सगळं नीट सांभाळल्याचं बक्षीस काय, तर उद्या पुन्हा सांभाळायचं.

नातेवाईक दोन प्रकारचे होते. ‘गोडाला हात लावू नकोस’ म्हणणारे आणि ‘एवढ्यानं काय होतंय, खा’ म्हणणारे. दोघांनाही तिला काय झालंय ते ठाऊक नव्हतं, पण उपाय ठाऊक होता. एकदा तिची साखर एकदम उतरली, घामाघूम होऊन ती स्वयंपाकघरात साखर खात उभी होती, तर आत्यानं हातातला डबा हिसकावून घेतला. साखर कमी झाली की साखर खायची असते, हे आत्याला पटवायला जेवढी ताकद लागते, तेवढी साखर उतरलेल्या माणसात नसते. त्या दिवशी भिंगरीच्या आईनं नणंदेशी जे भाषण केलं, त्यामुळे दोन वर्षं येणंजाणं बंद होतं. आईच्या मते हाही त्या आजाराचा एक फायदाच.

मोठेपणी इन्शुलिनच्या सुया सुटल्या आणि पंप आला. काड्यापेटीहून थोडं मोठं यंत्र कमरेला, त्याची बारीक नळी कातडीत, आणि दंडावर साखर सांगणारा गोल सेन्सर. आईनं पंपाचं नाव जावई ठेवलं. चोवीस तास लेकीला चिकटलेला, वेळच्या वेळी भरावं लागतं, जरा दुर्लक्ष झालं की चारचौघांत आवाज चढवतो आणि त्याला उलट बोलायची सोय नाही. जेवताना तो टुंग टुंग करू लागला की आई शांतपणे म्हणे, “बघ गं, काय हवंय त्यांना.”

जावयाची राहायची सोय बापानं केली. बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात, ही गोष्ट त्याला शिंपी म्हणून नेहमीच लाजिरवाणी वाटत आली होती. आता बाप म्हणून संतापजनक वाटू लागली. त्यानं भिंगरीच्या प्रत्येक कपड्यात पंपापुरता आतला खिसा शिवला. असा, की बाहेरून बघणाऱ्याच्या बापाला पत्ता लागू नये. आणि कुणी म्हणालं, “तुमच्या मुलीकडे बघून वाटतसुद्धा नाही हो तिला काही आहे,” की तो मान खाली घालून लाजे. लोकांना वाटे, मुलीचं कौतुक ऐकून लाजतोय. तो शिलाईचं कौतुक ऐकून लाजत असे.

तर यंदा वाद्यवृंदाचे जुने संचालक निवृत्त होत होते. त्यांना सगळे नाना म्हणत. नानांच्या हाताखाली भिंगरीनं बरीच वर्षं काढली होती, गुरुवारच्या तालमी तीच घेई, मैफलीतला एखादा तुकडाही तिच्याकडे येई, आणि त्यांच्या मागे ती जागा तिला मिळावी असं वादकांना वाटत होतं. पण ठरवायचं समितीनं, आणि समितीचे अध्यक्ष विमा एजंट होते. विमा एजंटाला समोरच्या माणसात माणूस नंतर दिसतो, आधी शक्यता दिसतात. ते पँटचं माप द्यायला दुकानात आले आणि कमरेभोवती टेप असतानाच त्यांनी विषय काढला. मुलगी हुशार आहे, वादच नाही. पण दोन तास उभं राहायचं, हात हलवायचे, समोर साठ वादक, मागे भरलेलं सभागृह. मध्येच काही झालं तर? समितीचं असं म्हणणं होतं की यंदाची मैफल तिनं एकटीनं करावी, आणि मग काय ते ठरवू.

शिंप्याच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या असताना शहाण्या माणसानं बोलू नये. तो बोलला.

“कुणाला कळणारसुद्धा नाही,” तो म्हणाला.

अध्यक्ष म्हणाले, “बघा हं, मास्तर.” आणि श्वास सोडला. त्यामुळे कमरेचं माप बदललं आणि पुन्हा घ्यावं लागलं.

हा शब्द दिल्यापासून त्याच्या जिवाला घोर लागला. त्यात भर म्हणून ट्रॉम्बोन वाजवणारा लठ्ठ पोस्टमन सदऱ्याची झिजलेली कॉलर उलटवून घ्यायला आला आणि तक्रार करून गेला. तुमची लेक दर गुरुवारी तालमीच्या शेवटी चौथऱ्यावरून खाली उतरते, हाताची घडी घालून खुर्चीत बसते आणि आम्हाला म्हणते, आता माझ्यावाचून वाजवा. आम्ही आंधळ्यासारखे एकमेकांच्या तोंडाकडे बघत वाजवतो. मोठा ढोल वाजवणाऱ्या बाई नुसत्या भुवईनं ताल देतात. ही काय पद्धत झाली?

शिंप्यानं कात्री खाली ठेवली. त्याला वेगळंच दिसलं: तालमीच्या शेवटी पोरीची साखर उतरते, उभं राहवत नाही, म्हणून बसते, आणि कुणाला कळू नये म्हणून हे निमित्त काढते. तिला सरळ विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. म्हणून त्यानं विचारलं नाही. त्यानं पोस्टमनला कॉलर फुकट उलटवून दिली आणि ही गोष्ट अध्यक्षांच्या कानावर जाऊ नये अशी गळ घातली. पोस्टमन चक्रावला, पण फुकट म्हटल्यावर गप्प बसला.

मैफलीच्या आधी घरात एकच भांडण झालं, ते बाटलीवरून. भिंगरी नेहमी समोरच्या स्टँडवर, सुरावटीच्या कागदांशेजारी फळांच्या रसाची छोटी बाटली ठेवत असे. साखर उतरू लागली की दोन घोट घेतले, पुढे चालू. बापाचं म्हणणं, ती बाटली नको. नवा काळा कोट, त्याची अशी सुरेख पाठ, आणि शेजारी लाल झाकणाची बाटली? अध्यक्ष पहिल्या रांगेत बसणार, त्यांना पहिल्यांदा तीच दिसणार. त्यापेक्षा कोटाच्या उजव्या खिशात साखरेच्या गोळ्या ठेव.

“दिसली तर दिसली, बाबा. मी काय चोरून पितेय?”

“तसं नाही गं. पण दाखवायची काय गरज?”

तिनं बाटली फडताळात ठेवली. मग म्हणाली, “बरं. गोळ्या तर गोळ्या.” बापाशी वाद घालायला जी ताकद लागते ती तिला त्या आठवड्यात दुसरीकडे हवी होती.

आता इथे शिंप्यांची एक रीत सांगायला हवी. नवा कोट शिवून झाला की त्याचे बाहेरचे खिसे कच्च्या टाक्यांनी बंद करून ठेवतात. नाहीतर गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिल्याबरोबर दोन्ही हात खिशात कोंबतं आणि कोटाची पडण, म्हणजे कापडाचं सरळ खाली येणं, जाते ती जाते. कोट घरी न्यायच्या वेळी शिंपी ते टाके उसवून देतो. आपला शिंपी तर या बाबतीत सोवळाच होता. खिसा हा कोटाचा दागिना आहे, पिशवी नव्हे, असं त्याचं ठाम मत होतं. स्वतःच्या खिशात तो रुमालसुद्धा ठेवत नसे; शिंक आली तर बायकोकडे बघे.

मैफलीच्या दिवशी दुपारी त्यानं कोटाला शेवटची इस्त्री केली. गोळ्यांची पुडी उजव्या खिशात स्वतःच्या हातानं ठेवली. दोन पावलं मागे सरून बघितलं. खिशाचं तोंड किंचित, अगदी केसभर उघडं राहत होतं. जगात फक्त दोन माणसांना ते दिसलं असतं: एक तो स्वतः आणि दुसरा त्याचा वारलेला बाप. पण तेवढे दोघे त्याला पुरेसे होते. पाठीची रेघ कशी सरळ खाली येत होती, आणि तिथे उजवीकडे तो खिसा जांभई दिल्यासारखा.

फक्त चार टाके, त्यानं मनाशी म्हटलं. भिंगरी आत्ताच नीट जेवलीय. मध्यंतरात जाऊन उसवून देऊ. त्यानं काळा दोरा ओवला आणि चार टाके घातले. टाके कच्चे होते, पण घालणारा हात पक्का होता.

संध्याकाळी सभागृह भरलं. शिंपी आणि त्याची बायको तिसऱ्या रांगेत बसली. बायकोच्या हातात मोबाइल होता. लेकीच्या दंडावरचा आकडा दर पाच मिनिटांनी तिच्या पडद्यावर येत असे. आई आकडा बघत होती आणि बाप कोट. संगीत इतरांनी ऐकलं.

पहिला भाग झकास झाला. हात वर गेले की पाठ ताणली जायची आणि खाली आले की पुन्हा जागच्या जागी. एक सुरकुती रेंगाळली नाही. शिंप्याला वाटलं, मागच्या रांगांना नीट दिसतंय की नाही कोण जाणे. मध्यंतरात तो लगबगीनं रंगमंचामागे गेला. पण वाटेत अध्यक्ष भेटले आणि “उत्तम चाललंय, मास्तर, अगदी काही कळत नाही,” असं म्हणाले. या वाक्यानं तो इतका फुलला की आपण कशाला निघालो होतो तेच विसरला, आणि अध्यक्षांबरोबर चहा पिऊन जागेवर येऊन बसला.

आत भिंगरीला गोळ्यांची गरजच पडली नव्हती. उलट धाकधुकीनं साखर वर चढली होती, म्हणून तिनं पंपातून थोडं जास्त इन्शुलिन घेतलं. हिशोब बरोबर होता. पण दुसऱ्या भागात तिच्या हातांनी जे काम केलं ते हिशोबात नव्हतं. धाकधूक गेली होती, ती रंगात आली होती, आणि रंगात आलेलं शरीर साखर कशी खातं हे ज्याचं त्यालाच कळतं.

दुसरा तुकडा संपत आला तेव्हा शिंप्याला ते आधी कोटात दिसलं. डाव्या खांद्याखाली एक आडवी सुरकुती पडली आणि गेली नाही. खांदा उतरला होता. कॉलरची कड मानेला चिकटली होती, घाम. हात ढोलाच्या ठोक्यामागून पडत होता.

“आकडा?” तो पुटपुटला.

“बासष्ट. सत्तर तरी हवी. आणि बाण खाली,” बायको म्हणाली. “खाईल ती आता. गोळ्या आहेत ना खिशात?”

तुकडा संपला. टाळ्या वाजल्या. भिंगरीनं मान लववली, वादकांकडे परत वळली आणि सहज गेल्यासारखा तिचा उजवा हात खिशाकडे गेला. बोटं खिशाच्या तोंडावरून घसरली. पुन्हा गेली, पुन्हा घसरली. तिनं खाली बघितलं. अंगठा आत घालून ओढून पाहिलं. ते टाके एखाद्या धडधाकट माणसाच्या झटक्यानं तुटले असते की नाही शंकाच आहे. थरथरत्या बोटांना तर ते बधणारच नव्हते.

“अहो,” बायको म्हणाली, “खिशाला काय झालंय?”

त्याची नजर स्वतःच्या बोटांकडे गेली. ती इतक्या वर्षांची शिंप्याची बायको. तिला सांगावं लागलं नाही.

टाळ्या ओसरल्या. आता एकच गोष्ट बाकी होती: पुढचा तुकडा सुरू करायचा किंवा न करायचा. अध्यक्ष पहिल्या रांगेत पुढे सरकून बसले. शिंप्याला वाटलं, आता ती रेटून नेणार. आपल्या त्या एका वाक्यापायी, कुणाला कळू नये म्हणून, रेटून नेणार आणि तिथेच कोसळणार.

भिंगरी प्रेक्षकांकडे वळली. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज शाबूत होता; शब्द फक्त एकेक, जपून पावलं टाकल्यासारखे येत होते.

“माझी साखर उतरलीय,” ती म्हणाली. “मला डायबेटिस आहे. असं होतं. मला थोडा वेळ बसावं लागेल आणि गोळ्या खाव्या लागतील. गोळ्या माझ्या खिशात आहेत. खिसा माझ्या वडिलांनी शिवून टाकलाय.” ती थांबली. “बाबा, वर या.”

सभागृहात आधी कुणीतरी एकटंच हसलं, आणि मग सगळं सभागृह. ती मात्र तोवर वादकांकडे वळली होती. “गुरुवारचं,” एवढंच म्हणाली आणि चौथऱ्याच्या कडेवर खाली बसली.

ढोलवाल्या बाईंची भुवई वर गेली आणि वाद्यवृंद सुरू झाला. संचालकाशिवाय, साठच्या साठ.

शिंपी रंगमंचावर कसा पोचला ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. तो लेकीशेजारी गुडघ्यावर बसला, कात्रीसाठी खिशाकडे हात नेला, आणि त्याला आठवलं की आपल्या खिशात कधीच काही नसतं. मग भर सभागृहासमोर, साठ वाद्यांच्या गजरात, त्यानं वाकून दातांनी ते चार टाके तोडले. पहिला लगेच तुटला नाही. तशाही स्थितीत त्याच्या मनात आलं, दोरा चांगला आहे.

भिंगरीनं गोळ्या तोंडात टाकल्या. त्यानं विचारलं, “तू गुरुवारी बसतेस, ती यासाठी?”

“मग कशासाठी?” गोळ्या चावता चावता ती म्हणाली. “एक ना एक दिवस हे होणारच होतं, बाबा. मला काही झालं तर त्यांचं अडू नये. तीन वर्षं करून घेतेय.”

तो गप्प बसला. बसला म्हणजे खरोखरच तिच्याशेजारी चौथऱ्यावर बसून राहिला, कारण वाजत्या वाद्यांमधून परत कसं जायचं ते कळेना. समोर पोस्टमन गाल फुगवून ट्रॉम्बोन वाजवत होता, एक डोळा ढोलवाल्या बाईंवर ठेवून. व्हायोलिनवाले शेजाऱ्याच्या कोपराकडे बघत वाजवत होते. साठ माणसं एकमेकांना सांभाळून घेत होती. आपण हिला लपवत होतो आणि हिनं हे बांधून ठेवलं होतं. संगीतातलं ओ की ठो न कळणाऱ्या त्या माणसाला एवढं कळलं, की ही शिलाई आपल्याला जमली नसती.

ते संपल्यावर पंपानं बारीकसा आवाज केला. तिनं आकडा बघितला, आणखी जरा थांबली. प्रेक्षकही थांबले, कुणी खोकलंसुद्धा नाही. मग ती उठली. बाप कडेलाच अडकून राहिला, ढोलाच्या सावलीत. शेवटचा तुकडा सुरू झाला आणि शिंप्याला आयुष्यात पहिल्यांदाच ती हात चालवताना समोरून दिसली.

आजवर तो नेहमी मागे बसला होता. हात उचलायच्या आधी ती डोळ्यांनी माणसाला कशी बोलावते, ते त्यानं पाहिलंच नव्हतं. क्लॅरिनेटवाल्याचा सूर बरोबर लागला तेव्हा ती अशी हसली, की त्या टक्कल पडलेल्या माणसाचे कान लाल झाले. एका जागी तिनं भुवया जोडून सगळ्यांना असं दटावलं की शिंप्यानंही पाय जुळवले. कपाळावर घाम होता, खिशाचं अस्तर उलटं लोंबत होतं, त्यातून दोऱ्याची दोन टोकं बाहेर आली होती. त्यातलं त्याला काहीही दिसलं नाही.

मैफलीनंतर दालनात सगळे जमले. अध्यक्षांनी घसा साफ केला. मुलीचं धैर्य वाखाणण्याजोगं आहे, ते म्हणाले. फक्त समितीच्या मनात एक प्रश्न येईल. हे लोक संचालकाशिवाय इतकं छान वाजवत असतील, तर मग संचालक हवा कशाला?

नाना काठी टेकत पुढे आले. “मी समोर उभा असतानासुद्धा या लोकांनी कधी धड वाजवलं नाही,” ते म्हणाले. “आणि मला काही आजार नव्हता. तिला जागा देऊन टाका आणि विषय संपवा.”

समितीचे बाकीचे सभासद आजूबाजूलाच उभे होते, त्यांनी माना हलवल्या. विमा एजंटाला तोट्यातली बाजू कळायला वेळ लागत नाही. अध्यक्षांनी भिंगरीचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. ती म्हणाली, स्टँडवर माझी बाटली राहील. ते म्हणाले, दोन ठेवा.

मग अध्यक्ष शिंप्याकडे वळले. “मास्तर, तुम्ही तर म्हणाला होतात, कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“हो ना,” शिंपी म्हणाला. “आता सगळ्यांना एकदमच कळलं. एकेकाला सांगत बसायचा त्रास वाचला.”

पण त्रास काही वाचला नाही, कारण तो खरोखरच एकेकाला सांगत सुटला. कोटाबद्दल नव्हे. दाराशी, जिन्यावर, बाहेर फाटकापाशी, जो भेटेल त्याला थांबवून तो सांगू लागला, की तुम्ही सगळ्यांनी नुसती पाठ बघितलीत, मी समोरून बघितलंय. समोरून म्हणजे कसं, तर शब्दात येत नव्हतं. म्हणून तो स्वतःच डोळे मोठे करून, भुवया जोडून, हनुवटी उचलून तो चेहरा करून दाखवायला गेला. फाटकापाशी एक अनोळखी बाई त्याच्याकडे काळजीनं बघत राहिल्या. ह्यांचीही उतरलेली दिसतेय, असं नवऱ्याला म्हणाल्या, आणि पर्समधून लिमलेटची गोळी काढून त्यांनी त्याच्या हातावर ठेवली.

त्यानं नाही म्हटलं नाही. कागद सोडवून गोळी तोंडात टाकली आणि गालात सरकवून, जिथे तुटलं होतं तिथून पुन्हा सांगायला लागला.